घोडा सारखा अडखळतोय? कुठला पाय ते नंतर, आधी कधी ते बघा

घोडा ठेचकाळायला लागला किंवा त्याची चाल एकसारखी पडेना की आपण सगळेच आधी खाली वाकून पाय चाचपतो, आणि बहुतेक वेळा चारही पाय सारखेच दिसतात, सूज नाही, जखम नाही, काहीच नाही. मग ज्याला जे सुचेल ते सुरू होतं. कोणी तेल चोळतं, कोणी आंबेहळदीचा लेप लावतं, कोणी नालबंदाच्या नावाने खडे फोडतं, कोणी मेडिकलमधून दुखण्याचं औषध आणून ठोकून मोकळं होतं. दोन दिवस घोडा बरा चालतो आणि शनिवारी गर्दी सुरू झाली की परत तेच. माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यावर पाठीवर माणसं घेऊन फिरणारे घोडे रोज बघते म्हणून सांगते, हा त्रास वारंवार येतो कारण आपण "कुठला पाय" याच्याच मागे लागतो. आधी "कधी" ते बघायचं. नाल मारून किती दिवस झाले, चढताना की उतरताना, निघाल्या निघाल्या की दमल्यावर, पाऊस पडून गेल्यावर की कोरड्यात, कोण बसलं होतं. मोबाईलमध्ये रोजची एक ओळ टाकत जा, महिन्याभरात त्या ओळीच तुम्हाला अर्धं उत्तर देतील.

त्याच्याही आधी एक घोळ मिटवू. लोक "घोडा अडखळतो" म्हणतात त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पाय जमिनीवर टेकल्यावर पुढे सरकला तर ते घसरणं, त्यात पायाचा दोष असेलच असं नाही, बऱ्याचदा नाल झिजून गुळगुळीत झालेली असते किंवा खाली ओला दगड नाहीतर ब्लॉक असतो. माथेरानला पेव्हर ब्लॉकचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला त्यात घोडे घसरण्याचा मुद्दा होताच. दुसरं म्हणजे पाय टेकायच्या आधीच खुराचं टोक जमिनीला लागणं, ही खरी ठेच. आणि तिसरं म्हणजे पाय नीट टेकतो पण त्याच्यावर वजन द्यायला घोडा कुरकुरतो, ते लंगडणं. वरून तिन्ही सारखंच वाटतं, बसलेल्याला तर नुसता धक्का कळतो, म्हणून दुसऱ्या कोणालातरी बाजूने चालत मोबाईलवर स्लो मोशन शूट करायला सांगा, गुडघ्यापासून खाली फक्त पाय फ्रेममध्ये येतील असं. एका चांगल्या व्हिडिओत जे दिसतं ते चार जाणत्यांच्या वादात दिसत नाही.

आता वेळेचं.

नाल मारल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झालं असेल तर खिळ्यावर संशय घ्या, बाकी काही शोधत बसू नका. एखादा खिळा आतल्या जिवंत भागात घुसलेला असतो किंवा घुसलेला नसला तरी इतका जवळून गेलेला असतो की वजन पडलं की आत दाबतो. छोट्या हातोडीने एकेका खिळ्यावर हलकं ठोकून बघितलं की ज्या खिळ्यावर घोडा पाय झटकतो तो खिळा कळतो. तो काढल्यावर त्याच्यावर रक्त किंवा काळसर पाणी दिसलं तर नुसतं खिळा काढून भागत नाही, भोक धुवून घ्यायला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर बोलवायचा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, लस झालेली असली तरी तारीख तपासा.

नाल मारून पाच-सहा आठवडे झाले की सुरू होतं आणि नवीन नाल पडली की थांबतं, हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, नाल असली की पुढचा भाग झिजत नाही, त्यामुळे सहा आठवड्यांत टोक सेंटीमीटरभर पुढे गेलेलं असतं आणि खूर उचलताना तो टोकावरून उलटायला उशीर होतो. दोन नंबर मोठी चप्पल घालून पायऱ्या उतरून बघा, कळेल. यात घोड्याला दुखत काहीच नसतं, फक्त वेळेवर नाल बदलायची असते. पण आपल्याकडे नाल "पडली की" बदलायची पद्धत आहे, सीझनमध्ये तर नालबंदाची वाट बघत घोडे आठ-आठ आठवडे चालतात, आणि मग घोडा आळशी आहे, मुद्दाम करतो असं ऐकवलं जातं. घोडा मुद्दाम ठेच खात नाही हो, कोणाला तोंडावर पडायची हौस असते.

पण इथेच एक गोम आहे. नवीन नालेने पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग परत सुरू होतं, असं असेल तर लांब टोक हे कारण नसून परिणाम असू शकतं. गेल्या सीझनला एक काठियावाडी घोडी अशीच होती, दस्तुरीवरून, म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्यावरून, बाजाराकडे चढताना एकदम व्यवस्थित, परत उतरताना पुढचा उजवा सारखा अडकायचा. नालबंद चाचांनी जुनी नाल काढली आणि फेकून न देता हातात घेऊन उन्हात धरली. टोकाला ती घासून सुरीसारखी पातळ झाली होती, आणि मागच्या दोन्ही टोकांना जवळपास नवी होती, तिथल्या खिळ्यांची डोकी अजून चौकोनी. चाचा म्हणाले, "ताई, ही टाच टेकवतच नाही बघा." धडधाकट घोडा सपाट रस्त्यावर आधी टाच किंवा पूर्ण तळवा टेकवतो, टोक सहसा आधी नाही. मग पाय उचलून खुराच्या तळाला मधोमध जो रबरासारखा तिकोनी भाग असतो, फ्रॉग म्हणतात तो, त्याच्या मधल्या भेगेत खूर साफ करायचा हुक घातला तर आत काळं, चिकट आणि सडका वास. अंगठ्याने दाबलं तर घोडीने पाय हिसकावून घेतला. म्हणजे टाच दुखते म्हणून टोकावर चालते, टोकावर चालते म्हणून ठेच लागते, आणि उतारावर टाचेवर जास्त जोर येतो म्हणून उतरतानाच लागते. टोक कितीही कापलं तरी थोडे दिवस ठेच कमी व्हायची, टाच मात्र तशीच.

त्याला थ्रश म्हणतात, ओल्या शेणामुतात उभं राहून होतो. सुटं झालेलं नालबंदाकडून कापून घ्यायचं, भेग रोज ब्रशने साफ करून कोरडी करायची, आयोडीन लावायचं, आणि मुख्य म्हणजे तबेल्याची जमीन कोरडी ठेवायची, नाहीतर औषध म्हणजे पाण्यात पैसे. जुनी माणसं मोरचूद भरतात, काम करतं ते, पण आतलं लाल मांस उघडं असेल तर भाजतं, तेव्हा बघून. त्या घोडीच्या नालेतही दोष होताच, नाल टाचेच्या आधीच बोटभर संपत होती. रेडिमेड नाल आणून खूर तिच्या मापाने कानसायचा हा उद्योग सर्रास चालतो. नाल खुराच्या मापाने हवी, आणि मागे टाचेला पूर्ण आधार देणारी हवी. नालबंद चांगला आहे का हे ओळखायला पाय बाजूने, जमिनीच्या पातळीवर मोबाईल ठेवून फोटो काढा. खुराची पुढची रेघ आणि वरच्या तिरक्या हाडाची रेघ एकाच उतारात दिसली पाहिजे. मध्येच मोडलेली दिसली, खूर पुढे आडवा पसरलेला आणि टाच दबलेली दिसली, तर तोच फोटो नालबंदाला दाखवा. भांडू नका, दाखवा.

निघाल्यावर पहिली दहा मिनिटं आखडल्यासारखा चालतो, थंडीत सकाळी जास्त, आणि अंग तापलं की सुटतो, हे बहुतेक वेळा सांध्याचं दुखणं, वय झालेल्या घोड्यात मागच्या पायाच्या मधल्या सांध्याचं, म्हणजे हॉकचं, खूप. असे घोडे मागचं टोक घासत चालतात, मागे मातीत रेघ उमटत जाते ती बघा. याच्या उलट, निघताना ठीक आणि कामाबरोबर वाढत जातं, ते टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी), खूर, पाठ किंवा नुसता थकवा. यातलं टेंडन हाताला कळतं. गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूने दोन बोटांच्या चिमटीत ती दोरी धरून वरून खाली या, दोन्ही पायांची तुलना करा, एका ठिकाणी गरम, जाड किंवा दाबल्यावर घोडा दचकला तर जीन उतरवा आणि त्या दिवसापासून काम बंद.

मागचा पाय चालता चालता मागेच ताठ राहतो आणि मग झटक्यात पुढे येतो, असं दिसलं तर तो मागच्या पायाच्या वरच्या गुडघ्यातली वाटी अडकण्याचा प्रकार, शेतकऱ्यांना बैलात हा ओळखीचा असतो. कोवळ्या, हाडकुळ्या किंवा बरेच दिवस बांधून ठेवलेल्या घोड्यात जास्त दिसतं आणि खाणं, व्यायाम सुधारून बऱ्याचदा कमी होतं, तेव्हा लगेच ऑपरेशनच्या गोष्टी करणाऱ्याचं ऐकायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

आणि रात्रीत एकदम. काल संध्याकाळी ठणठणीत, सकाळी तीन पायांवर उभा, मालकाला वाटतं हाड मोडलं. मोडलेलं असूही शकतं म्हणून हलवू नका, पण पावसाळ्यात आणि पावसाळा संपताना यातले बरेच खुरातला पू निघतात. पावसात खूर मऊ पडतो, बारीक खडा किंवा घाण भेगेतून आत जाते, पू होतो आणि कडक खुरात त्याला फुगायला जागा नसते म्हणून वेदना भयंकर. डॉक्टर किंवा जाणता नालबंद चिमट्याने खूर दाबून जागा शोधतो, छोटं भोक पाडलं की काळं पाणी येतं आणि घोडा बऱ्याचदा लवकरच पाय टेकवायला लागतो. नाही शोधलं तर काही दिवसांनी वर केसांच्या कडेला फुटतं. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवून ठेवणं, वर पोटीस बांधणं, हे चालतं. खुरात खिळा किंवा तार घुसलेली दिसली तर मात्र, डॉक्टर लवकर येऊ शकत असेल तर ती उपटू नका, जास्त आत जाणार नाही असं बाजूने लाकूड बांधून एक्स-रे होईपर्यंत तशीच ठेवा, कारण ती कुठपर्यंत गेलीय हे उपटल्यावर कळत नाही. उपटावीच लागली तर आधी फोटो, भोकाला खूण, आणि किती आत होती ते मापून ठेवा.

आता रोज करायची तपासणी, याला डॉक्टर लागत नाही. पाय उचला, साफ करा, वास घ्या. खुराची भिंत तळहाताने चाचपा, चारही खुरांची तुलना करा, उन्हात उभा असेल तर सावलीत आणून थोडं थांबून, नाहीतर चारही गरमच लागतील. मग खुराच्या वरच्या पहिल्या फुगीर सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना हलकी बोटं ठेवून नाडी शोधा. धडधाकट घोड्यात ती इतकी बारीक असते की नवख्याला सापडतच नाही, आणि खुरात दाह असेल तर बोटावर ठणठण उडते. तेव्हा घोडा बरा असतानाच रोज हात लावून सवय करून घ्या, गरज पडल्यावर शिकायला गेलात तर काहीच कळणार नाही.

एवढं करून खुरात काही नाही सापडलं तर चाल बघायची. पुढच्या पायांवर घोड्याचं साधारण 60 टक्के वजन असतं, आणि पुढच्या पायातलं लंगडणं बहुतेक वेळा खुरातच असतं, म्हणून सुरुवात खालून. कडक, सपाट, सरळ जागा शोधा. माथेरानला असा पट्टा मिळणं मुश्किल, खाली नेरळला एखादं मैदान बघा. घोड्याला नुसत्या दोरीवर दुडकीने पळवा, धरणाऱ्याने दोरी सैल सोडायची, तोंड आवळून धरलं तर काही दिसत नाही. कदमचालीत बारीक लंगडणं लपतं, दुडकीत दोन दोन पाय तिरक्या जोडीने पडतात म्हणून फरक उघडा पडतो. डोकं बघा. दुखरा पुढचा पाय टेकतो तेव्हा घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकतो तेव्हा डोकं खाली जातं. नवखी माणसं नेमकं उलटं धरतात आणि चांगल्या पायाला मलम लावत बसतात.

मागच्या पायासाठी मागून बघायचं, पुठ्ठ्याच्या, म्हणजे कमरेच्या, दोन्ही हाडांवर पांढरी चिकटपट्टी लावा, ज्या बाजूची पट्टी जास्त वरखाली होते ती दुखरी बाजू. आणि एक फसवाफसवी लक्षात ठेवा, मागच्या डाव्या पायात जोरात दुखत असेल तर डोकंही असं हलतं की जणू पुढचा डावाच दुखतोय. डोकं हललं म्हणून पुढचाच पाय असं ठोकून सांगू नका, मागूनही बघा. दुसरी फसवणूक म्हणजे दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर डोकं हलतच नाही, नुसती पावलं आखूड पडतात, घोडा टुकूटुकू चालतो आणि मालक म्हणतो म्हातारा झाला. अशा घोड्याला कडक जमिनीवर गोल फिरवा, डावीकडे आणि उजवीकडे, आतल्या बाजूचा पाय जास्त कुरकुरेल. हाडाचं आणि खुराचं दुखणं कडक जमिनीवर उठून दिसतं, टेंडन-लिगामेंटचं मऊ वाळूत किंवा नांगरलेल्या रानात. नियम नव्हे हा, पण दिशा मिळते.

मारवाडी-काठियावाडी घोड्यांबाबत एक वेगळी अडचण आहे, ती म्हणजे रेवाळ चाल. एका बाजूचे पाय पाठोपाठ पडणारी ती गुळगुळीत चाल बघायला फार देखणी, बसायला त्याहून चांगली, आणि लंगडणं झाकायला तर उत्तमच, कारण डोकं हलण्याचा वरचा हिशोब त्यात नीट लागत नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोडा बघायला जाल तेव्हा विकणारा रेवाळच दाखवणार, नाचवून दाखवणार. तुम्ही म्हणा, भाऊ, जरा साध्या दुडकीने कडक जागेवर पळवा, दोरी सैल सोडून. आणि तोच घोडा दुसऱ्या दिवशी सकाळी थंड अंगाने परत बघा. काल दिलेलं दुखण्याचं औषध रात्रीत उतरलेलं असू शकतं. विकणारा चिडला तर चिडू दे.

पायात काहीच सापडलं नाही तर पाठीवर या. पर्यटकाच्या घोड्याचं खोगीर एकदा घेतलं की तेच तीन घोड्यांवर फिरतं, एकाला बसतं, दुसऱ्याला टोचतं. जीन काढल्यावर घामाचा ठसा बघा, भिजलेल्या पाठीत एखादा कोरडा ठिपका दिसला तर तिथे खोगीर दाबत असू शकतं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या, घोडा पाठ खाली घालतो का बघा. पाठ दुखणारा घोडा मागचे पाय आत घेत नाही आणि सगळं वजन पुढे पडतं. आणि वजन. घोड्याच्या अंगाच्या वजनाच्या साधारण 20 टक्के, तेही खोगीरासकट, हा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. हिल स्टेशनवरचं तट्टू 280 किलोचं धरलं तर 56 किलो, त्यात खोगीर आलं. आता शनिवारी कोण बसतं ते आठवा. गिऱ्हाईक घालवायचं नसतं हे मलाही कळतं, पण मोठा माणूस मोठ्या घोड्यावर एवढं तरी करता येतं. स्वार पुढे झुकून लगाम आवळून बसला असेल तरीही ठेच वाढते, कारण घोडा तोल सावरतो तो मानेने, आणि मान तुम्ही बांधून ठेवलीत. रिकाम्या खोगिराने, मग हलक्या स्वाराने, मग नेहमीच्या, असं एकाच रस्त्यावर बघा, फरक कोणामुळे पडतो ते तिथल्या तिथे कळतं.

संध्याकाळीच अडखळतो, सावलीत शिरताना थबकतो, एकाच बाजूचे दगड पायाला लागतात, तर डोळे तपासा. डोळ्यात वारंवार पाणी, लाली, निळसर झाक आली की लोक धुळीवर ढकलतात, आणि घोडा हळूहळू त्या डोळ्याने आंधळा होत जातो.

यापुढचं मात्र घरी बघायचं नाही. मागचं अंग लटपटतंय, वळताना पाय पायात अडकतात, मागे सरकायला सांगितलं तर पाय ओढत जातात, चालता चालता शेपटी हलकी बाजूला ओढली तरी झोकांडी जाते, म्हणजे दुखणं पायात नसून मज्जातंतूत आहे आणि त्या घोड्यावर कोणी बसायचं नाही, लहान मूल तर मुळीच नाही. त्यात मध्येच ताप येतो-जातो, घोडा वाळत चाललाय, पोटाखाली आणि पायांवर सूज, तर रक्त तपासून सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) नाही ना ते बघा, चावऱ्या माश्यांनी पसरतो, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त, आणि त्याला औषध आहे. घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 सेल्सिअस, थर्मामीटर तबेल्यात असलाच पाहिजे. लटपटण्याबरोबर लाळ, गिळता न येणं, एकदम बदललेलं वागणं असेल तर तोंडात हात घालू नका, पिसाळलेला कुत्रा चावलेला असू शकतो.

आणखी एक तातडीचं. दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून, वजन मागे टाकून उभा आहे, खूर गरम, नाडी उडतेय, हलायला तयार नाही, हा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला दाह. रात्री सुटून चंदीचं, म्हणजे दाण्याचं, पोतं फोडून खाल्लं की होतो, आणि लग्नसराईत वरातीच्या घोडीला प्रत्येक मांडवात हौसेने गूळ-हरभरा-लाडू भरवतात त्यानेही. माया असते त्यात, कबूल, पण खुराच्या आतली पकड सुटते आणि घोडी आयुष्यभर पांगळी होते. चालवून मोकळं करू असं अजिबात नको. जाड मऊ अंथरूण, पाय बर्फाच्या पाण्यात, दाणा बंद, डॉक्टर लगेच.

डॉक्टर येणार असेल तर त्याच्या आधी दुखण्याचं औषध देऊ नका, तो येईपर्यंत लंगडणं गायब झालेलं असतं आणि मग तो बघणार काय. तशीही ही औषधं दोन वेगवेगळी एकत्र दिली, पाणी कमी पिणाऱ्या घोड्याला दिली, तर पोटात अल्सर आणि किडनीवर ताण. चांगला डॉक्टर एकेका भागाची नस तात्पुरती बधिर करून परत दुडकी बघतो, बधिर केल्यावर लंगडणं थांबलं की दुखणं त्याच्याच खाली, आणि मग एक्स-रे नेमक्या जागेचा काढता येतो, सगळ्या पायाचे काढून पैसे घालवावे लागत नाहीत. गावातला गुरांचा डॉक्टर कितीही हुशार असला तरी घोड्याची चाल रोज बघत नाही, जमल्यास मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर काम केलेला कोणीतरी, नाहीतर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना. पुण्यात लष्कराच्या घोड्यांवर काम करून निवृत्त झालेले डॉक्टरही भेटतात. जुनी नाल, फोटो, स्लो मोशनचे व्हिडिओ आणि त्या रोजच्या ओळी हातात ठेवा, पाच मिनिटांत त्याचं अर्धं काम होतं.

कामावर परत कधी घ्यायचं यात सगळ्यात जास्त घाई होते. पू निघालेला घोडा भोक कोरडं होऊन भरलं की आठवडा-दोन आठवड्यांत चालू शकतो. टेंडनचं तसं नाही, तीन आठवड्यांत सूज उतरते, लंगडणं थांबतं, मालक जीन चढवतो आणि महिन्याभरात तीच दोरी आणखी मोठी तुटते. टेंडनला महिने लागतात, बऱ्याचदा सहाच्या पुढे, आणि त्यातले पहिले काही आठवडे नुसतं हाताने धरून सपाटीवर फिरवणं, दिवसातून दोनदा, थोडं थोडं वाढवत. सीझन बुडतो, मान्य आहे, म्हणून ज्याच्याकडे दोन-तीन घोडे आहेत त्याने त्याला पावसाळ्यात विश्रांती मिळेल असा हिशोब आधीच लावावा, आणि ज्याच्याकडे एकच आहे त्याने हाताने फिरवायचे आठवडे संपल्यावरही निदान चढ-उतार आणि दुडकी टाळून सपाटीचंच काम डॉक्टरला विचारून घ्यावं.